घरत मास्तरांची अविधवा नवमी

कमळाकर घरत हा माणूस मला पहिल्या आठवड्यापासूनच आवडला नव्हता, हे आधी सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यामुळे माझं मत बिघडलं असं कुणी समजू नये. १९४५ च्या जूनमध्ये तो पनवेलच्या आमच्या प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून रुजू झाला, आणि तिसऱ्याच दिवशी त्याने दुसरीतल्या एका पोराला बाकावर उभं केलं. का, तर पोरगा 'नाही' न म्हणता 'नाय' म्हणाला. पोरगा आगऱ्याचा होता, उरणच्या बाजूचा. घरतही आगऱ्याचाच, त्याच बाजूचा. पोरगा बाकावर उभा राहून त्याच्याकडे जे बघत होता ते मला अजून आठवतं. आपल्या काकासारखा दिसणारा हा माणूस आपल्यावर का ओरडतो आहे, हे त्याला कळत नव्हतं.

कमळाकर दिसायला ठीक होता. परीटघडीचं धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, रोज केलेली दाढी. बोलताना 'आहे' आणि 'नाही' हे दोन शब्द तो अगदी निवडून, पुसून बाहेर काढायचा. शिक्षकांच्या खोलीत तो आम्हाला शुद्ध बोलण्याचं महत्त्व सांगत असे. आम्ही हो हो म्हणत असू. तो बाहेर गेला की हसत असू. म्हणजे आम्हीही काही फार मोठे लोक नव्हतो.

त्याचं गाव केळपाडा, चिरनेरच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी. पनवेलपासून सात कोस. पण त्या गावची माणसं बाजारहाटाला उरणला जात, इकडे सहसा येत नसत. गावी त्याची म्हातारी आई होती आणि बायको, भामा. लग्न झालं तेव्हा तो सोळा वर्षांचा, ती बाराची. पुढे तो दोन वर्षं ट्रेनिंग कॉलेजात शिकला, तेव्हा भामा उन्हाळ्यात मिठागरावर मीठ ओढत होती आणि पावसाळ्यात खारजमिनीत भात लावत होती. त्यावर तो शिकला. हे त्याने कधी सांगितलं नाही. मला ते फार उशिरा, आणि दुसऱ्याच्या तोंडून कळलं. तो वर्षातून दोनदा गावी जायचा, शिमग्याला आणि गौरी-गणपतीला. बायकोला इकडे का आणत नाही असं कुणी विचारलं तर सांगायचा, आईजवळ कुणी तरी हवं.

४६ सालच्या थंडीत आई गेली. ती फार आजारी असल्याचा निरोप घेऊन गावचा माणूस शाळेत आला होता. मी तिथे होतो. पण चार दिवसांनी तपासणीला साहेब येणार होते, आणि कमळाकरच्या वर्गाची कवायत त्यांना दाखवायची होती. तो साहेबांची वाट बघत राहिला. साहेबांनी कवायतीला 'बरी' असा शेरा दिला, तेव्हा तो गावी गेला. आई दोन दिवसांपूर्वीच गेली होती.

आता आईचं कारणही उरलं नव्हतं. तरी त्याने भामेला आणलं नाही. माझी बायको गोदू हिने त्याला एकदा तोंडावर विचारलं. आम्ही एकाच आळीत राहत होतो, चार घरं सोडून. त्याने सांगितलं, तिची प्रकृती बरी नसते, इथलं पाणी तिला मानवायचं नाही. गोदू घरात येऊन मला म्हणाली, याला तिची लाज वाटते. गोदूला माणसं लवकर कळतात. मला वेळ लागतो.

स्वातंत्र्य मिळाल्यावर गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले. पनवेलला धर्मशाळेच्या दोन ओसऱ्यांवर ते भरत, एकीवर पुरुष, दुसरीवर बायका. पुरुषांना शिकवायला मी आणि कमळाकर होतो. बायकांना शिकवायला मुलींच्या शाळेतल्या वेणूबाई येत. वेणूबाई म्हणजे दादू मिस्त्रींची मुलगी. पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांना तेव्हा घाटापर्यंत मागणी होती आणि दादू मिस्त्रींचं चाक त्यांत नावाजलेलं. मुलगी पंधराव्या वर्षी विधवा होऊन घरी आली तेव्हा त्यांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही. शिकवलं, मास्तरीण केलं. वेणूबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीसच्या असतील. शांत बाई, कामाला पक्की. हातावर खडूची भुकटी असताना त्या कपाळावरचे केस मनगटाने मागे सारायच्या, आणि कमळाकर तेवढ्या वेळात फळ्यावरचं अक्षर चुकायचा. हे मी पाहिलं आहे.

हे प्रेम होतं का? असेल. त्या माणसाला एकटेपणा होता यात शंका नाही. खोलीवर जाऊन स्वतःच भात टाकायचा, स्वतःच जेवायचा, आणि मग लोकांच्या घरात दिवे दिसतात का हे बघत आळीतून फिरायचा. पण हा एकटेपणा त्याने स्वतः, हाताने, वर्षानुवर्षं बांधला होता. सात कोसांवर त्याची वाट बघणारी बाई होती. तिथे त्याला 'नाय' ऐकावं लागलं असतं, एवढंच.

वेणूबाईंनी बायकोची विचारपूस केली. त्याने नेहमीचं उत्तर दिलं, आजारी असते. झालं, वेणूबाई आपुलकीने चौकशी करू लागल्या. ताप आहे का, खोकला आहे का, अमक्या वैद्याचा काढा पाठवू का. काढा त्यांनी खरोखर पाठवला. तो कमळाकरने मोरीत ओतला, हे त्याने स्वतःच मला पुढे कबूल केलं. आता, आजारी बायको काही फार काळ तशीच राहू शकत नाही. तिने एक तर बरं व्हावं लागतं, नाही तर मरावं लागतं. कमळाकरने तिला मारलं.

४८ च्या डिसेंबरात त्याने आठ दिवसांची रजा घेतली आणि परत आला तो मिशी उतरवून, डोकं भादरून. कुठे होता ते देव जाणे. पुढे कळलं, कल्याणला एका खानावळीत होता. हेडमास्तरांनी शाळेला अर्धी सुट्टी दिली. पोरांनी ती आनंदाने घेतली. आम्ही सगळे त्याच्या खोलीवर भेटायला गेलो. त्याच वेळी दादू मिस्त्री आणि वेणूबाई आले, आणि त्यांच्यासमोर त्याने बायकोचं मरण सांगितलं.

मी तिथे होतो म्हणून सांगतो, ते फार चांगलं सांगितलं. विषमज्वर झाला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे तिने पेज मागितली, पण गिळता येईना. बोट बुडवून थेंब थेंब ओठाला लावावी लागली. मग तिने डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं. पहाटेपासून दुपारपर्यंत तो तसाच बसून राहिला. पाय बधिर झाला, मुंग्या आल्या, पण मांडी हलवली नाही, तिला जाग येईल म्हणून. शेवटी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, तुम्ही एकटे राहू नका. सांगताना त्याचा आवाज चिरला. दादू मिस्त्री खाली बघत होते. वेणूबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. माझेही डोळे भरून आले, आणि ही गोष्ट आज लिहिताना मला स्वतःचीच चीड येते.

गावी त्याने वेगळीच थाप पाठवली. केळपाड्याच्या पाटलाला कार्ड लिहिलं की सरकारने माझी बदली धुळ्याकडे केली आहे, फार लांब आहे, सुट्ट्या मिळत नाहीत, भामेला सांगावं. पाटलाने ते भामेला वाचून दाखवलं. तिने ते खरं मानलं. धुळं कुठे आहे ते तिला कुठे ठाऊक? सरकार माणसाला कुठेही पाठवू शकतं, एवढं तिला ठाऊक होतं.

कुणी विचारील, त्याने सरळ काडीमोड का घेतला नाही? त्यांच्या जातीत तो होत होता, पंचांपुढे बसून, उजळ माथ्याने. कारण साधं आहे. बायको टाकलेल्या माणसाशी वेणूबाई बोलल्याही नसत्या. आणि एक असताना दुसरी करायला आमच्या इलाख्यात नव्या कायद्याने बंदी झाली होती, नोकरी गेली असती. त्याला बायको टाकायची होती आणि वर लोकांनी त्याचं सांत्वनही करायचं होतं. मरण सोडून दुसऱ्या कशात दोन्ही मिळत नाहीत.

पुढची पावणेदोन वर्षं त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची. आळीतल्या बायका त्याला सणाचं वाढून पाठवत. वेणूबाई त्याच्याशी वर्गानंतर चार शब्द बोलत. ते शब्द भामेबद्दलच असत. ती कशी होती, काय करायची. तो सांगत जाई. भामा मिठागरावरून आली की पायांना मिठाने भेगा पडलेल्या असत आणि तो तेल लावून देई, असंही त्याने सांगितलं होतं. त्याने कुणाच्या पायाला कधी तेल लावलं असेल यावर माझा आता विश्वास नाही.

लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा दादू मिस्त्रींनी जातीवरून कुरकुर केली, पण मुलीपुढे त्यांचं काही चाललं नाही. ५० सालच्या मार्गशीर्षात करायचं ठरलं. वेणूबाईंची एकच अट होती. त्याआधी पितृपक्षातल्या अविधवा नवमीला भामेच्या नावाने सवाष्ण नीट जेवू घालायची. नवऱ्याच्या आधी, कुंकू लावून गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात. आदल्या वर्षी कमळाकरने ते थोडक्यात उरकलं होतं, गोदूला जेवायला बोलावून. या वेळी वेणूबाई म्हणाल्या, तिच्या घरात मी जाणार, तर तिचा मान आधी व्हायला हवा. स्वयंपाक मी करीन. भटजी, सोवळं, सगळं रीतसर.

तयारी वेणूबाईंनीच केली. पत्रावळींसाठी त्यांनी जैतूला सांगितलं. जैतू हा डोंगरातला कातकरी, लाकूडफाटा आणि पळसाची पानं घेऊन पनवेलच्या बाजारात यायचा. किती पानं, कोणत्या दिवशी, कुणाचं जेवण, असं त्याने विचारलं. वेणूबाईंनी सांगितलं, घरत मास्तरांची मंडळी वारली, त्यांच्या नावाचं. भामा नाव. केळपाड्याची.

जैतू चिरनेरच्या रानात राहायचा. पावसाळ्यात केळपाड्याच्या खारीत मजुरीला जायचा. ज्या भामेची पानं तो लावणार होता तिच्या अंगणात बसून त्याने आठच दिवसांपूर्वी भाकर खाल्ली होती. तो वेणूबाईंना काही बोलला नाही. त्याने फक्त तिथी पुन्हा विचारून घेतली.

नवमीला दहाच्या सुमारास मी आणि गोदू कमळाकरकडे गेलो. आतल्या खोलीत तो सोवळं नेसून भटजींपुढे बसला होता. वेणूबाई चुलीपाशी होत्या. मी ओसरीवर पेपर घेऊन बसलो. ओसरीवरच पानं मांडायला घेतली तेवढ्यात एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिशीच्या आतली. उन्हाने रापलेली, उंच, आगरी पद्धतीने नेसलेलं हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. चालत आली असावी.

गोदूने कोण पाहिजे असं विचारलं.

"सवासीन जेवाला घालतान ना हितं?" बाई म्हणाली. "मी सवासीन हाय. लांबशी आयले."

त्या दिवशी दारात आलेल्या सवाष्णीला परत पाठवत नाहीत. वेणूबाई स्वतः पाणी घेऊन बाहेर आल्या. तिचे पाय त्यांनी धुतले, गोदूने हळद-कुंकू लावलं आणि आपल्या शेजारी तिला पाटावर बसवलं.  वेणूबाई वाकल्या होत्या तेव्हा त्यांच्या पांढऱ्या कपाळाकडे, मोकळ्या गळ्याकडे बाई नीट बघत होती.

वाढून झाल्यावर यजमानाने तूप वाढायचं होतं. कमळाकर तुपाचं भांडं घेऊन आतून आला. गोदूच्या पानावर वाढलं. पुढच्या पानाशी वाकला आणि थांबला. मी समोरूनच बघत होतो, पण मला कळलं नाही. मी भामेला कधी पाहिलेलं नव्हतं. मला एवढंच दिसलं की तूप भातावर न पडता पानाच्या कडेवर पडलं आणि तिथून जमिनीवर ओघळलं. बाई मान वर करून त्याच्याकडे बघत होती. तो वळला आणि आत भटजींपुढे जाऊन बसला.

मी पुष्कळदा विचार केला आहे की त्या क्षणी दुसऱ्या कुणी काय केलं असतं. एखादा पळून गेला असता. एखाद्याने पाय धरले असते. निर्लज्जाने तिला हाकलून तरी दिलं असतं. हा आत जाऊन हातावर पाणी घेऊन बसला, आणि भटजी सांगतील तिथे तिचं नाव घेऊन सोडत राहिला. त्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू येत होता.

बाई सावकाश जेवत होती. थोड्या वेळाने तिने वेणूबाईंना विचारलं, ही जी मेली ती कशाने मेली. वेणूबाई तिच्यासमोर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. ताप, पेज, बोटाने लावलेले थेंब. त्या मनापासून सांगत होत्या. स्वतःच्या बहिणीचं मरण सांगावं तसं. मास्तरांनी पहाटेपासून दुपारपर्यंत मांडी हलवली नाही, पाय बधिर झाला तरी, हे सांगताना त्यांचे डोळे पाण्याने भरले.

बाईचा हात पानावरच थांबला.

"त्यी बायकू नव्हती," ती म्हणाली. "त्यी माजी सासू. सासू तशी मेली. मांडी माजी व्हती."

वेणूबाईंना कळेना. गोदूला कळलं. तिने घास खाली ठेवला.

"आनी एकटा र्‍हव नको असा कोनी बोलला नाय," बाई पुढे म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "म्हातारीनं चार येला इचारला, कमळ्या आयला का. मी सांगला, येतंय, वाटंव हाय. मंग मेली."

"तुम्ही कोण?" वेणूबाईंनी विचारलं.

"भामा."

आतलं पाणी सोडणं थांबलं होतं. भटजी पुढचं म्हणा, पुढचं म्हणा म्हणत होते.

वेणूबाई मग उठून चुलीपाशी गेल्या, चुलीतली लाकडं मागे ओढली, पातेल्यावर झाकण ठेवलं, हात धुतले आणि मागच्या दाराने निघून गेल्या. आतल्या खोलीकडे त्यांनी बघितलं नाही. भामेने मात्र पान पूर्ण केलं. शीत टाकलं नाही. ओटी कोण भरणार हा प्रश्न होता. ती गोदूने भरली, खण आणि नारळ घालून. भामा दाराशी गेली, आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "मास्तर, जेवले मी. जाते." ती गेली. जैतू गल्लीच्या तोंडाशी तिच्यासाठी थांबला होता.

संध्याकाळी कमळाकर माझ्याकडे आला. माफी मागायला नव्हे. त्याला वेणूबाईंची समजूत घालायला माणूस हवा होता. ओसरीवर बसून तो मला समजावत राहिला की त्याने कुणाला फसवलेलं नाही. भामा त्याच्यापुरती कधीच मेली होती, फक्त ते लोकांना समजेल अशा भाषेत सांगावं लागलं. आईच्या मरणाचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते भामेने मला सांगितलं होतं, आणि मी इतक्यांदा मनात घोळवलं की मीच तिथे बसलो होतो असं मला वाटायला लागलं. हे सांगताना तो रडला. खरं रडला. त्या रडण्याचीच मला जास्त किळस आली. चहा मिळाला तो त्याने प्यायला, आणि जाताना विचारलं की वेणूबाईंकडे उद्या जाल का.

मी गेलो, पण त्याच्यासाठी नाही. दादू मिस्त्री अंगणात चाकाला आरे बसवत होते, त्यांनी मान वर केली नाही. वेणूबाई आत होत्या. मी त्यांचं सांत्वन करावं अशा काही बेताने गेलो होतो. त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"गुरुजी, मला तो कधी आवडला माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "तो मांडीचं सांगत होता तेव्हा. आपलं माणूस असं जपणारा पुरुष मी पाहिला नव्हता. आणि ते जपणारी बाई होती. मी तिचे पाय धुतले आणि मला समजलं नाही."

एवढंच. दिवाळीनंतर त्यांनी बदली मागून घेतली आणि अलिबागला गेल्या. पुन्हा लग्नाचा विषय त्यांनी निघू दिला नाही. कमळाकरने त्यांना पत्रं लिहिली. ती न फोडता परत येत. तो ती मला दाखवायचा. परत आलेलं बंद पत्र लोकांना दाखवण्यात काय समाधान असतं ते मला माहीत नाही.

आमच्या आळीनेही मोठेपणा केला असं नाही. ज्यांनी पावणेदोन वर्षं त्याला वाढून पाठवलं त्यांनी आता त्याच्या दारावरून जाताना पदर सावरायला सुरुवात केली. दोन मास्तरांनी त्याला भेटून हळूच विचारलं, कल्याणच्या खानावळीत जेवण कसं होतं. मी त्यांच्यात होतो. मला ते तेव्हा फार विनोदी वाटलं.

पौषात केळपाड्याहून निरोप आला. भामेने पंच बसवले होते. कमळाकर एकटा जायला घाबरला. मला सोबत चला म्हणाला. मी केवळ तमाशा बघायला गेलो, असं म्हटलं तर चूक होणार नाही. खाडीच्या बांधावर, देवळापुढे सात-आठ माणसं बसली होती. मुख्य पंच काळूराम पाटील, ज्यांच्या नावाने ते धुळ्याचं कार्ड आलं होतं तेच. कमळाकरने बोलायला सुरुवात केली, आणि इतक्या शुद्ध भाषेत की एक म्हातारा शेजारच्याला विचारू लागला, काय बोलतंय हा. कायदा, परिस्थिती, स्वभावभेद. भामा बायकांत बसली होती. तिने बोलायचं नाकारलं.

काळूराम पाटलांनी त्याला दोनच प्रश्न विचारले. हिचं दिवसकार्य केलंस का? तो खाडीकडे बघू लागला. पाटलांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, केलं, मी तिथे होतो. मग पाटलांनी दुसरं विचारलं.

"मंग आता तुजा तिच्याव काय हक्क र्‍हला?"

काडी मोडली. त्याला अर्धा तासही लागला नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की कमळाकर सुटल्यासारखा दिसेल. त्याला हेच हवं होतं ना? पण काडी मोडताना त्याने पुढे हात केला, थांबवायला केल्यासारखा, आणि म्हणाला, मी तिला पनवेलला नेतो. नेतो मी. सगळ्यांनी ऐकलं. भामेनेही ऐकलं. ती उठली, मांडीवरचं शेजारणीचं पोर खाली उतरवून तिच्या हाती दिलं आणि घराकडे चालू लागली. तिच्या तोंडावर राग नव्हता. बाजारात न पटलेल्या मासळीवरून जशी नजर पुढे जाते, तशी तिची नजर त्याच्यावरून गेली.

परत येताना सात कोस तो माझ्याशी बोलत होता. तिने निदान एक शब्द बोलायला हवा होता, असं त्याचं म्हणणं होतं. चौदा वर्षांचा संसार. मी मनात हिशोब केला. त्या चौदा वर्षांत तो तिच्या घरी शंभर दिवसही नीट राहिला नसेल.

दुसऱ्या वर्षी भामेने पाट लावला. काशीराम म्हणून मिठागरावरचा मुकादम, बायको गेलेला. ती सुखात होती असं लिहायला मला आवडलं असतं. काशीराम ताडी प्यायचा आणि भांडायचा. एकदा त्याने हात उगारला, तर तिने मीठ ओढायचा लाकडी फावडं घेऊन त्याला बांधावरून खाली घातलं, आणि मग दोघं रात्रीच्या कालवणावरून भांडत घरी गेली, असं जैतूने सांगितलं. त्यांची भांडणं मरेपर्यंत टिकली असतील. पण घरात दोन माणसं होती. पुढे एक मुलगाही झाला.

कमळाकरने ५३ साली महाडकडे बदली करून घेतली. जाताना शाळेने त्याला निरोप दिला नाही. मी त्याला विसरलो होतो. ६४ साली, रेल्वे पनवेलला यायची धामधूम सुरू होती तेव्हा, एसटी स्टँडवर तो मला दिसला. अजून तोच बंद गळ्याचा कोट, पण अंगावर लोंबत होता. पंचेचाळिशीच्या आतच दात पडले होते, त्यामुळे ते पुसून काढलेले 'आहे' आणि 'नाही' आता फसफसत बाहेर येत. मुंबईला डोळे दाखवून परत चालला होता. महाडची गाडी यायला अर्धा तास होता. बाकावर त्याने माझ्यासाठी जागा केली.

महाडला कसं चाललंय असं मी विचारलं. तो सांगू लागला, खोली चांगली आहे, शेजार चांगला आहे, शनिवारी एका मुलाला घरी बोलावून व्याकरण शिकवतो, पैसे घेत नाही. जेवण स्वतःच करतो. अलीकडे एकाच वेळचं. लोकांशी फारसं जमत नाही, लोक प्रामाणिक नसतात. हे वाक्य त्याने डोळ्यांची पापणी न लववता म्हटलं. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला खरोखर तसं वाटत होतं.

मग त्याने वेणूबाईंबद्दल विचारलं. मी सांगितलं, त्या मुख्याध्यापिका झाल्या आहेत, दादू मिस्त्री वारल्यापासून अलिबागलाच असतात, मुलींचं वसतिगृह सांभाळतात. तो काही वेळ हातातल्या पिशवीचे बंद आवळत राहिला.

"माझ्याबद्दल काही विचारतात?"

त्याला बरं वाटेल असं काहीतरी सांगणं अवघड नव्हतं. एखादा चांगला माणूस बोललाही असता. मी नाही म्हणालो.

भामेबद्दल त्याने विचारलं नाही. मी वाट बघितली. शेवटी मीच सांगितलं की तिचा मुलगा आता सहावीत आहे, गणितात हुशार आहे म्हणतात. त्याने मान हलवली, असं का, म्हणाला, आणि समोर लागलेल्या गाडीची पाटी वाचायचा प्रयत्न करू लागला. त्याला ती नीट दिसत नव्हती. मी वाचून सांगितली, महाडचीच होती. त्याला खिडकीशी जागा मिळाली. मी गाडी सुटेपर्यंत थांबलो नाही.

घरी येऊन गोदूला सांगितलं. तिने विचारलं, जेवायला घरी आणलं नाहीत ना. नाही म्हटलं. बरं केलंत, म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, डोळ्यांना काय झालंय त्याच्या. मी ते विचारलंच नव्हतं.